विश्लेषण : ट्रंकेत सापडलेली हजाराची जुनी नोट खरेच लखपती करते का?

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या काकांना आजोबांची जुनी ट्रंक उघडावी लागली. तिच्यात ज्ञानेश्वरीच्या पोथीत घडी न घालता ठेवलेली एक हजाराची नोट होती. आपल्या परिचयाची, गांधीजींचे चित्र असलेली नव्हे. तिच्याहून बरीच मोठी, मागच्या बाजूला तंजावरचे मंदिर असलेली. काकांनी फोटो काढला आणि मोबाइलवर सतत दिसणाऱ्या एका जाहिरातीतील क्रमांकावर पाठवला. दहा मिनिटांत फोन आला : ‘सर, साडेचार लाख मिळतील. फक्त नोंदणी करावी लागेल.’

नोंदणीचे १,१५० रुपये गेले. मग जीएसटीचे ६,५०० मागितले गेले. त्यानंतर रिझर्व्ह बँकेचे बोधचिन्ह छापलेले एक पत्र आले आणि त्यातील ‘ना हरकत प्रमाणपत्रा’साठी १५,४०० रुपये गेले. एकूण २३ हजार ५० रुपये. चौथी मागणी आली तेव्हा काकांना शंका आली, आणि त्यांनी प्रश्न विचारताच समोरचा फोन कायमचा बंद झाला.

पुढे आम्ही ती नोट पुण्यातील एका जुन्या नाणे-नोटा विक्रेत्याला दाखवली. त्यांनी ती हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि एवढेच विचारले, ‘काका, लॅमिनेशन कोणी केले?’ फोटो चांगला यावा आणि नोट सुरक्षित राहावी म्हणून काकांनीच झेरॉक्सच्या दुकानात वीस रुपये देऊन ते करून घेतले होते. विक्रेते म्हणाले, ‘नसते केले तर मी घेतली असती.’

म्हणजे नोट खरी होती. तिला मागणीही होती. खोटा होता तो फक्त फोनवरचा भाव. जुन्या मोठ्या नोटांबद्दलच्या बातम्या, रील आणि फॉरवर्ड वाचताना हा फरक कुणी समजावून सांगत नाही. तो समजून घेण्यासाठी आधी या नोटांचा इतिहास पाहावा लागेल.

दहा हजारांची नोट भारतात खरेच होती का?

होती. एकदा नव्हे, वेगवेगळ्या काळात होती. १८६१ च्या कागदी चलन कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. त्याआधी मुंबई, बंगाल आणि मद्रास या इलाख्यांच्या बँका आपापल्या नोटा काढत. सरकारच्या पहिल्या नोटांवर व्हिक्टोरिया राणीचे चित्र होते आणि त्या एकाच बाजूने छापलेल्या असत. बनावट नोटांचा सुळसुळाट झाल्यावर १८६७ पासून नव्या मालिकेच्या नोटा आल्या. पाचव्या जॉर्जच्या काळात दहा हजारांची नोटही चलनात होती.

या नोटा आधी इंग्लंडहून छापून येत. १९२८ पासून नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटांची छपाई सुरू झाली. आजही ‘नोट प्रेस’ म्हटले की महाराष्ट्रात नाशिकच आठवते, ते तेव्हापासून.

रिझर्व्ह बँकेची स्थापना १ एप्रिल १९३५ ची. तिची पहिली नोट मात्र जानेवारी १९३८ मध्ये निघाली, ती पाच रुपयांची. त्याच वर्षी जूनमध्ये एक हजार आणि दहा हजारांच्या नोटा आल्या. त्यांवर सहाव्या जॉर्जचे चित्र आणि गव्हर्नर जेम्स टेलर यांची सही होती. बँकेचे पहिले गव्हर्नर ऑस्बोर्न स्मिथ यांच्या सहीची एकही नोट निघाली नाही. तेव्हा ‘स्मिथ यांच्या सहीची नोट’ कुणी विकायला आणली, तर पुढे काही विचारण्याची गरज नाही.

दहा हजार म्हणजे तेव्हा किती? सोन्याचा भाव तोळ्याला ३५-३६ रुपयांच्या आसपास होता. एका नोटेत पावणेतीनशे तोळ्यांहून अधिक, म्हणजे तीन किलोंपेक्षा जास्त सोने आले असते. असली नोट बाजारहाटाला नेण्यासाठी नव्हतीच. बँका, पेढ्या, संस्थानिक आणि बडे व्यापारी यांच्यातील देवघेवीसाठी ती होती. शेतकरी, गिरणी कामगार किंवा शाळामास्तर यांच्या हाताला ती लागण्याचा प्रश्नच नव्हता. ‘घरातील जुनी पेटी शोधा’ असे सांगणारे नेमकी हीच गोष्ट विसरतात.

पहिली नोटाबंदी कधी झाली?

अनेकांना वाटते २०१६ ची पहिली. प्रत्यक्षात ती तिसरी. पहिली झाली १२ जानेवारी १९४६ रोजी. दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते आणि युद्धकाळात काळ्या बाजारातून साठलेला पैसा बाहेर काढायचा, असे सरकारने ठरवले. वटहुकूम काढून पाचशे, एक हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द झाल्या. नोटा कुठून आल्या याचे घोषणापत्र भरून त्या बदलून घ्यायच्या होत्या.

तेव्हा रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते चिंतामणराव देशमुख. रायगड जिल्ह्यात महाडजवळ जन्मलेले, या पदावरील पहिले भारतीय. या योजनेबद्दल बँक फारशी उत्साही नव्हती, अशी नोंद बँकेच्या अधिकृत इतिहासात आहे. आकडेही तेच सांगतात. एकूण १४३.९७ कोटी रुपयांच्या मोठ्या नोटांपैकी १३४.९ कोटींच्या नोटा १९४७ अखेरपर्यंत बदलल्या गेल्या. परत आल्या नाहीत त्या फक्त ९.०७ कोटींच्या.

अर्थकारणाच्या दृष्टीने हा आकडा अपयशाचा मानला जातो. संग्राहकांच्या दृष्टीने त्याचा अर्थ वेगळा आहे. परत आलेल्या नोटा बँकेने नष्ट केल्या. त्या काळातील जी काही हजाराची आणि दहा हजारांची नोट आज एखाद्या अल्बममध्ये दिसते, ती या नऊ कोटींच्या तुकड्यातून वाचलेली. त्यातल्या किती चुलीत गेल्या, किती वाळवीने खाल्ल्या, किती भीतीपोटी विहिरीत टाकल्या गेल्या, याचा हिशेब कुणाकडे नाही.

१९७८ मध्ये काय घडले?

१९५४ मध्ये मोठ्या नोटा पुन्हा आल्या. हजाराच्या नोटेवर तंजावरचे मंदिर होते आणि दहा हजारांच्या नोटेवर अशोकस्तंभावरील सिंह. पाच हजारांची नवी नोट त्यांच्या जोडीला आली आणि तिच्यावर आपले मुंबईचे गेट वे ऑफ इंडिया होते. आज तरुण पिढीला हे सांगितले तर आधी विश्वास बसत नाही.

या तिन्ही नोटा १६ जानेवारी १९७८ रोजी जनता सरकारने वटहुकमाने रद्द केल्या. मोरारजी देसाई पंतप्रधान होते, एच. एम. पटेल अर्थमंत्री. लोकांना नोटा बदलण्यासाठी १९ जानेवारीपर्यंतची मुदत मिळाली, म्हणजे जेमतेम तीन दिवस. गव्हर्नर आय. जी. पटेल यांना या उपायाचा फारसा उपयोग होईल असे वाटत नव्हते, हे त्यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहिले. वटहुकमाचा पुढे कायदा झाला आणि त्याला दिलेले आव्हान १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले.

आमच्या आजोबांची अडत होती. त्या आठवड्यात ते तालुक्याच्या ठिकाणी पोहोचू शकले नाहीत, असे काका सांगतात. आत्या म्हणते, फॉर्मवर ‘ही नोट कुठून आली’ हे लिहायचे होते म्हणून ते घाबरले. खरे काय ते आता कळणार नाही. मात्र १९७८ मध्ये दहा ग्रॅम सोने सातशे रुपयांच्या आसपास मिळत होते. पोथीत ठेवलेली ती एक नोट म्हणजे जवळपास दीड तोळे सोने होते, आणि तीन दिवसांत त्याचा कागद झाला. जुन्या नोटेची ‘किंमत’ सांगताना हा तोटा कुणी मोजत नाही.

मग आज या नोटांना किंमत कशामुळे?

नोटेवरचा आकडा मोठा म्हणून नव्हे. मुळात कमी छापल्या, मोजक्याच लोकांकडे गेल्या, कायद्याने रद्द झाल्या, परत आलेल्या नष्ट केल्या गेल्या आणि उरलेल्यांतील बहुतेक खराब झाल्या. या पाच चाळण्यांतून जी नोट आली ती दुर्मीळ.

आकडा आणि किंमत यांचा संबंध किती कमी आहे, याची काही उदाहरणे पाहू.

झिम्बाब्वेने जानेवारी २००९ मध्ये शंभर ट्रिलियन डॉलरची नोट काढली. आपल्या भाषेत शंभर लाख कोटी, एकावर चौदा शून्ये. महागाईने त्या चलनाचा असा चुराडा झाला की, २०१५ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने बँक खात्यांतील १७५ क्वाड्रिलियन डॉलरपर्यंतच्या शिलकीला सरसकट पाच अमेरिकी डॉलर दिले. म्हणजे अशा १,७५० नोटांएवढी रक्कम आणि हातात पाच डॉलर. संग्राहक ही नोट गंमत म्हणून घेतात. तिची ओळख तिच्यावरील शून्यांमुळे आहे, दुर्मीळपणामुळे नाही.

याच्या उलट उदाहरण आपल्या दहाच्या नोटेचे. २ जुलै १९१८ रोजी लंडनहून मुंबईकडे निघालेले ‘शिराला’ हे जहाज जर्मन पाणबुडीने बुडवले. त्यात मुंबईला पाठवलेल्या नोटाही होत्या. काही नोटा किनाऱ्याला लागल्या, बहुतेक नष्ट केल्या गेल्या. वाचलेल्यांपैकी दहा रुपयांच्या दोन नोटा मे २०२४ मध्ये लंडनच्या लिलावात आल्या. एक साडेसहा हजार पौंडांना गेली आणि दुसरी साडेपाच हजारांना. दहाच्या एका नोटेचे जवळपास सात लाख रुपये झाले.

तसेच हज यात्रेकरूंसाठी रिझर्व्ह बँकेने काढलेल्या खास नोटांचे. क्रमांकाआधी ‘एचए’ ही अक्षरे असलेली शंभराची अशी एक नोट लंडनमध्येच ५० लाखांहून अधिक किमतीला विकली गेली. शंभराची नोट, पण भारतात चलनात नसलेली आणि थोड्याच वर्षांत बंद झालेली.

मोठा आकडा आणि दुर्मीळपणा एकत्र आले की काय होते, ते अमेरिकेत दिसते. तिथे पाचशे ते दहा हजार डॉलरच्या नोटा १९६९ मध्ये चलनातून काढून घ्यायला सुरुवात झाली. १९३४ च्या मालिकेतील दहा हजार डॉलरची एक उत्तम नोट सप्टेंबर २०२३ मध्ये चार लाख ८० हजार डॉलरना विकली गेली. एक मोठा फरक मात्र लक्षात घ्यावा. अमेरिकेने त्या नोटा रद्द केलेल्या नाहीत. लिलावात कुणी बोली लावली नाही तरी ती नोट आजही दहा हजार डॉलरच आहे. आपल्याकडे १९४६ किंवा १९७८ ची रद्द नोट संग्राहकाने नाकारली की तिची किंमत शून्य. त्या भावाला खाली तळ नाही.

संग्राहक नोटेत नेमके काय पाहतात?

सर्वांत आधी स्थिती. कोरी करकरीत नोट आणि चार घड्या पडलेली नोट यांच्या भावात अनेक पटींचा फरक पडतो. पूर्वी बँका नोटांच्या गड्ड्या टाचत, त्यामुळे जुन्या भारतीय नोटांना डाव्या बाजूला टाचणीची भोके असतातच. ती किती आणि केवढी, तेही पाहिले जाते. डाग, शाईने लिहिलेले आकडे, चिकटपट्टी, कापलेली कड या प्रत्येक गोष्टीने भाव उतरतो. धुऊन, इस्त्री करून नोट ‘नवी’ करणारे बहाद्दर आहेत, पण जाणकाराला कागदाच्या स्पर्शावरून ते कळते. लॅमिनेशन तर सर्वांत वाईट. ते काढताना नोटेचा पृष्ठभागच निघून येतो.

त्यानंतर सही, वर्ष, क्रमांकाआधीची अक्षरे आणि शहर. इंग्रजी अमदानीतील नोटांवर मुंबई, कलकत्ता, कानपूर, लाहोर, कराची, मद्रास, रंगून अशी ती कुठून निघाली त्या शहरांची नावे असत. एकाच किमतीची नोट एका शहराची सहज मिळते आणि दुसऱ्या शहराची वर्षानुवर्षे दिसत नाही.

कधी कधी दोषालाही इतिहास असतो. एकोणिसाव्या शतकात पोस्टाने रक्कम पाठवताना नोट मधोमध कापत. एक अर्धा आधी जाई. तो पोहोचल्याचे कळले की दुसरा पाठवत. वाटेत चोरी झाली तरी चोराच्या हाती अर्धीच नोट. अशा जोडलेल्या नोटा आजही संग्रहांत आहेत आणि त्यांच्याकडे केवळ फाटकी नोट म्हणून कुणी पाहत नाही.

आपल्या भागातही असा ठेवा आहे. मराठवाडा निजामाच्या राज्यात असताना तिथे उस्मानिया सिक्क्याच्या नोटा चालत, हजार रुपयांपर्यंतच्या. गोव्यात पोर्तुगीज काळात ‘बांको नासिओनाल उल्ट्रामारिनो’च्या नोटा होत्या. १९५९ मध्ये रुपियाऐवजी एस्कुदो आला आणि एका रुपियाचे सहा एस्कुदो असा दर ठरला. म्हणूनच तिथे ६०, ३०० आणि ६०० एस्कुदोंच्या, आपल्याला चमत्कारिक वाटाव्या अशा नोटा निघाल्या. मोठी नोट एक हजार एस्कुदोंची. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि त्यांचे आयुष्य संपले. मराठवाड्यातील किंवा गोव्यातील जुन्या घरात अशी नोट निघाली, तर ती आधी घराण्याच्या आणि प्रदेशाच्या इतिहासाचा पुरावा आहे. भाव नंतर.

७८६ क्रमांकाच्या नोटेचे काय?

मोबाइलवर सर्वाधिक फिरणारा दावा हाच. त्याचे गणित घरी बसून करता येते. नोटेच्या क्रमांकात शेवटी सहा आकडे असतात. म्हणजे एका अक्षरमालिकेत सुमारे दहा लाख नोटा. या सहा आकड्यांत ७८६ सलग येण्याच्या चार जागा आणि प्रत्येक जागेसाठी एक हजार क्रमांक. ७८६७८६ हा क्रमांक दोनदा मोजला जातो, तो एकदा वजा केला की उरतात ३,९९९. दर दहा लाख नोटांमागे जवळपास चार हजार नोटा ७८६ च्या, आणि अशा मालिका सतत छापल्या जात असतात. तुमच्या पाकिटात आज एखादी असली तरी नवल नाही.

श्रद्धेने कुणी ती जपून ठेवत असेल तर त्याचा आदर आहेच. हौसेने कुणी दर्शनी किमतीपेक्षा थोडे जास्तही देईल. लाखो रुपये मात्र कुणी देणार नाही, कारण दुसऱ्या दिवशी त्याला तशीच नोट बँकेच्या गड्डीत मिळू शकते.

२०१६ च्या नोटा जपून ठेवल्या तर?

८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे आणि हजाराच्या ज्या नोटा रद्द झाल्या, त्यांचे एकूण मूल्य १५.४१ लाख कोटी रुपये होते. त्यांपैकी १५.३१ लाख कोटींच्या, म्हणजे ९९.३ टक्के नोटा परत आल्या. परत आल्या नाहीत त्या १०,७२० कोटींच्या. टक्केवारीत हा आकडा किरकोळ वाटतो. पण त्या सगळ्या हजाराच्याच होत्या असे धरले तरी दहा कोटींहून अधिक नोटा होतात. इतक्या नोटा बाहेर असताना त्यांना दुर्मीळ म्हणता येत नाही.

शिवाय इथे कायदा आडवा येतो. २०१७ च्या कायद्यानुसार रद्द झालेल्या या नोटा दहापेक्षा जास्त जवळ बाळगता येत नाहीत. अभ्यास, संशोधन किंवा संग्रहासाठी ही मर्यादा २५ नोटांची आहे. मोडल्यास किमान दहा हजार रुपये किंवा नोटांच्या दर्शनी किमतीच्या पाचपट, यांपैकी जी रक्कम जास्त ती दंड म्हणून भरावी लागते. ‘जुन्या हजाराच्या गड्ड्या घेतो’ असे सांगणारा माणूस संग्राहक नाही, हे यावरून ओळखावे.

दोन हजारांच्या नोटेचे प्रकरण वेगळे. १९ मे २०२३ रोजी ती चलनातून मागे घेण्याची घोषणा झाली तेव्हा ३.५६ लाख कोटींच्या नोटा बाहेर होत्या. ९८ टक्क्यांहून अधिक परत आल्या. ती रद्द झालेली नाही. बँकेच्या शाखांतील मुदत संपल्यावर रिझर्व्ह बँकेची ठरावीक कार्यालये ती स्वीकारतात. महाराष्ट्रात मुंबई, बेलापूर आणि नागपूर येथे अशी कार्यालये आहेत. उरलेल्या नोटांची संख्या अजून कोटींत आहे. आठवण म्हणून एखादी ठेवावी, गुंतवणूक म्हणून नव्हे.

फसवणूक कशी ओळखायची?

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये निवेदन काढून सांगितले की, जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही, अशा व्यवहारासाठी ती कोणतेही शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि तिच्या वतीने ते मागण्याचा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही. पुढचा सगळा तपशील विसरला तरी चालेल, हे एक वाक्य लक्षात ठेवावे.

खऱ्या व्यवहाराची रीत साधी असते. घेणारा आधी नोट पाहायला मागतो, फोटोवरून लाखांचा आकडा सांगत नाही. तो नोटेतील खोट्या काढतो, कारण त्याला पैसे द्यायचे असतात. लिलाव करणारी संस्था आपले कमिशन विक्रीच्या रकमेतून कापून घेते. थोडक्यात, विकणाऱ्याकडे पैसे यायला हवेत. विकणाऱ्याच्या खिशातून पैसे जाऊ लागले की तो व्यवहार नोटेचा राहिलेला नाही. ओटीपी, आधारची प्रत किंवा क्यूआर कोड ‘स्कॅन करून रक्कम मिळवा’ अशी मागणी आली तर तिथेच थांबावे. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी. जितका उशीर, तितकी रक्कम गोठवण्याची शक्यता कमी.

उलट बाजूचाही धोका आहे. दहा हजारांची जुनी नोट ‘स्वस्तात’ विकणारे भेटतात. ज्या नोटा जगात मोजक्या उरल्या त्या दोन-चार हजारांत मिळत नाहीत. मोठ्या किमतीच्या नोटांची पारख करून, त्यांना दर्जा देऊन सीलबंद करणाऱ्या संस्था असतात. त्यांच्या प्रमाणपत्राशिवाय अशी खरेदी नवख्याने करू नये.

यात आमचा दोष नाही का?

आहे, आणि तो कबूल केला पाहिजे. ‘तुमच्याकडे ही नोट आहे का? घरबसल्या व्हाल लखपती’ असे मथळे गेल्या काही वर्षांत माध्यमांनीच दिले. त्यांवर टिचक्या भरपूर पडतात, म्हणून ते पुन:पुन्हा दिले जातात. बातमीत कुठेतरी तळाशी ‘अशी विक्री जोखमीची’ हे वाक्य असते, पण ते वाचेपर्यंत वाचक फोटो काढून मोकळा झालेला असतो. काकांचा विश्वास त्या फोनवरच्या माणसावर नव्हता. ‘पेपरात पण आलंय अरे’, असे ते मला तेव्हा म्हणाले होते. त्या ठगाने आमच्या शब्दाची पत वापरली आणि आम्ही ती त्याला फुकट दिली.

यावर ‘पण काही नोटा खरेच लाखांना जातात ना?’ असा प्रश्न येतो. जातात. म्हणूनच ही फसवणूक चालते. लॉटरीही कुणाला तरी लागतेच. पण लॉटरीची बातमी देताना तिकिटे किती विकली गेली हे आपल्याला ठाऊक असते. नोटेच्या बातमीत नेमका तोच भाग गाळला जातो. माझे म्हणणे एवढेच की, जुन्या नोटेच्या भावाची बातमी देताना तिची स्थिती, ती कुठल्या लिलावात विकली गेली आणि तशा नोटा अंदाजे किती उपलब्ध आहेत, हे तीन तपशील नसतील तर ती बातमी छापू नये. बोधचिन्हे वापरून जाहिराती करणाऱ्यांना जागा देणाऱ्या समाजमाध्यम कंपन्यांनाही जबाबदार धरले गेले पाहिजे. आणि रिझर्व्ह बँकेने इंग्रजी निवेदनापुरते न थांबता, कोणती नोट कोणत्या वर्षाची आणि आज तिचे कायदेशीर स्थान काय, अशी सचित्र मराठी पुस्तिका मोबाइलवर वाचता येईल अशा रूपात द्यावी. ट्रंका उघडणारी माणसे इंग्रजी परिपत्रके वाचत नाहीत.

नोट सापडलीच तर काय करावे?

घडी घालू नये, पुसू नये, चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच नको. आम्लरहित पारदर्शक पाकिटात, कोरड्या जागी, उजेडापासून दूर ठेवावी. नोट कुणाची, कुठे सापडली, घरात तिच्याबद्दल काय सांगतात ते वहीत लिहून ठेवावे. विकायचे असेल तर किमान दोन जाणकारांना प्रत्यक्ष दाखवावी. जिज्ञासा असेल तर मुंबईत फोर्ट भागातील रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय आणि नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणेशास्त्र संशोधन संस्था ही दोन ठिकाणे आपल्या राज्यातच आहेत. मुलांना एकदा घेऊन जावे.

काकांची नोट पुन्हा त्याच पोथीत आहे. तक्रार नोंदवली, पैसे अजून मिळालेले नाहीत. त्यांनी नोटेसोबत एक कागद ठेवला आहे. त्यावर आजोबांचे नाव, १६ जानेवारी १९७८ ही तारीख आणि घरात सांगितल्या जाणाऱ्या दोन्ही हकिकती लिहिल्या आहेत, स्वतःची आणि आत्याचीही. खाली तिसरी ओळ आहे, २३ हजार ५० रुपयांची. ‘नातवंडांना कळायला हवं,’ असे ते म्हणतात.